वजा केलेली गोडी

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी लग्नकार्यात कुणी विचारलंच की "तुम्ही बंगळुरात काय करत होता?" तर मी अजून तेच उत्तर देते. बिस्किटं खात होते. समोरचा हसतो. मग मी सांगते की सोळा वर्षं खात होते आणि त्याचाच पगार घेत होते. तेव्हा तो जरा मागे सरकून माझ्याकडे नीट बघतो, आणि एवढी बिस्किटं गेली कुठे हे त्याला कळत नाही. ती कुठे गेली हेच आज लिहायला बसले आहे. दिवाळीचा फराळ पुढ्यात घेऊन वाचणाऱ्यांनी माझं मनावर घेऊ नये. खुशाल खावं.

बिस्किटाच्या कारखान्यात चव बघायला माणूस लागतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. ओलावा, जाडी, वजन हे सगळं यंत्र सांगतं. पण तेच बिस्किट काल बरं लागलं आणि आज का नाही, हे यंत्राला विचारून उपयोग नसतो. त्यासाठी आमची चवीची खोली होती. जुन्या एसटीडी बूथसारखे सहा कप्पे, प्रत्येकाला समोर एक लहानशी खिडकी. खिडकीतून बशी यायची, बशीवर नुसता आकडा. वर लाल दिवा, म्हणजे रंग बघून जीभ फसू नये. दोन घासांच्या मध्ये कोमट पाणी आणि चार दाणे मंडक्कीचे, म्हणजे आपले चुरमुरे. सकाळपासून कांदा-लसूण नाही, पान नाही, अत्तर नाही आणि गजरा तर मुळीच नाही.

हा शेवटचा नियम भारी पडायचा. शुक्रवारी मोगरा माळल्याशिवाय आमच्या बायका घराबाहेर पडत नसत. म्हणून दाराबाहेर खुंट्या ठोकल्या होत्या. दहा वाजता सहा खुंट्यांवर सहा गजरे लटकलेले असत आणि काम संपलं की जी ती हाताला लागेल तो माळून जाई. मला बऱ्याचदा दुसरीचाच मिळायचा.

नवीन माल असला की सहाही जणी बसायच्या. पण रोज चालू असलेल्या मालाची चव मी एकटी बघायची, दिवसातून दोनदा. गोडी, खुसखुशीतपणा, वास, प्रत्येकाला एक ते नऊमध्ये गुण. पाच म्हणजे अगदी हवं तसं. गोडीला सहा पडले की मशीन थांबवून पीठ मळणाऱ्यांना फोन करायचा, हा नियम होता. मशीन थांबवण्याचा अधिकार कारखान्यात फार थोड्यांना होता आणि त्यात माझी जीभ होती. मला त्याचा गर्व होता, हे कबूल करते.

गिऱ्हाइकंही एकेक भेटायची. धारवाडच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आलं होतं. पूर्वी तुमचं बिस्किट चहात बुडवलं की सात आकडे मोजेपर्यंत टिकायचं, हल्ली चारालाच गळून पडतं. आमचे साहेब हसले. मी स्टोअरमधून एक स्टॉपवॉच मागवलं, थर्मामीटर घेतला आणि दोन दिवस चहाचे कप मांडून बसले. मास्तरांचं बरोबर होतं. मैदा देणारा बदलला होता. आम्ही दुरुस्ती केली आणि त्यांना एक पेटी पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "सहापर्यंत आले आहे. एक अजून बाकी आहे." ते स्टॉपवॉच पुढे माझ्या खणातच राहिलं आणि त्याला नंतर वेगळंच काम लागलं.

आता माझी पहिली चूक सांगते. चव बघणाऱ्यानं घास चावून थुंकायचा असतो. त्यासाठी प्रत्येक कप्प्यात झाकणाचा पेला असे. मला ते जमेना. आमच्या साताऱ्याच्या घरी ताटात भाताचं शीत राहिलं तरी आई उठू देत नसे, आणि इथे चांगलं तोंडात घातलेलं अन्न थुंकायचं. मी पेला समोर ठेवायची, रुमाल तोंडाशी न्यायची आणि गिळायची. एक, दोन करत दिवसाला तीसेक बिस्किटं. श्रीकांत, म्हणजे माझे पती, सरकारी कारखान्यात इंजिनियर. ते म्हणायचे, साखरेचं खाणार त्याला देव देणार. देवानं दिलंच. शेहेचाळिसाव्या वर्षी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझी साखर काठावर आली.

डॉक्टर समजुतीनं बोलले. अजून औषध नको, पण खाणं बदला आणि अंग हलवा. मी कागद घेऊन बाहेर पडले आणि मला आई आठवली. आईची शेवटची पाच वर्षं साखरेनंच नेली होती. आधी नजर गेली, मग पाय. ती हातानं चाचपून मला ओळखायची. तो कागद तसाच हातात धरून मी ओव्हनच्या बाजूनं खोलीकडे निघाले होते.

ओव्हनवर गोविंदअण्णा होते. बिस्किटाचा ओव्हन म्हणजे लांबलचक बोगदाच. एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. कच्ची बिस्किटं पट्ट्यावरून आत जातात आणि काही मिनिटांनी पलीकडे भाजून निघतात. अण्णा त्या पट्ट्याशी उभं राहून नुसत्या रंगावरून आणि वासावरून आच कमी-जास्त करायचे. शिवाजीनगरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मराठी घराणं. "आमच्या मराठीला रागीचा वास येतो," असं तेच म्हणायचे. तीस वर्षं बिस्किटं भाजत होते पण खात नसत. वास पुरतो म्हणायचे. डब्यात रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि कुळथाचं सार. अंग सडसडीत. कारखान्याच्या धावण्याच्या संघाचे ते कप्तान होते, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी.

त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला, माझं तोंड पाहिलं. एवढंच म्हणाले की उद्या साडेपाचला बसवनगुडीच्या शाळेच्या मैदानावर या, कॅनव्हासचे बूट असले तर घाला, नसले तर तशाच या. मैदान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होतं आणि मी त्यावर बारा वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी अर्धी फेरी पळाले आणि बाकावर बसले. सलवार कमीज, केसांत पिना, छातीत भाता. अण्णा शिवाजीनगरहून पहिल्या बसनं आलेले. ते म्हणाले, "स्वल्प पळा, स्वल्प चाला. सरी? घाई माडू नका, अक्का." त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत "सरी" म्हणजे बरं, ठीक. कारखान्यात मी त्यांना मॅडम होते, मैदानावर अक्का, म्हणजे ताई, झाले, आणि ते मला दोन्हीकडे अण्णाच राहिले.

नोकरी आणि हे सगळं एकत्र बसवणं म्हणजे रोजची कसरत होती. पाचला उठायचं, साडेपाच ते साडेसहा मैदान, पावणेआठला कंपनीची बस. पळून आल्यावर भूक अशी लागायची की भिंत खावी, पण दहा वाजता चव बघायची असल्यामुळे पोटात जड काही चालत नसे आणि तिखट तर नाहीच. मग अण्णांनी शिकवलं. आल्या आल्या एक केळं आणि भिजवलेले शेंगदाणे, बसमध्ये रागीची आंबील, दुपारी चव संपल्यावर पोटभर भाकरी, उसळ, कोशिंबीर. संध्याकाळी चहाबरोबरचं खारं-गोड बंद. घरी श्रीकांतना माझ्यामुळे मोड आलेली मटकी आठवड्यातून चारदा खावी लागे. एकदा ते शांतपणे म्हणाले की आता मलाच मोड येतील.

आणि गिळायचं बंद करायचं होतं. ज्या दिवशी पहिल्यांदा थुंकले, त्या दिवशी कप्प्याची खिडकी आतून लावून घेतली. तोंडातला घास पेल्यात टाकला, झाकण लावलं आणि त्या झाकणाला हात जोडले. डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या बशीलाही हात जोडले. दहाव्या बशीला विसरले.

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं होती, हे मला सरळच सांगायचं आहे. साखर काठावरून मागे सरली. पण त्याहून मोठं काहीतरी झालं. लहानपणी मुलींनी पळायचं नसतं म्हणून मी पळाले नव्हते. नंतर नोकरी, संसार, मुलाची शाळा. शरीर म्हणजे साडी नेसवायची आणि दुखलं की शेकायची वस्तू, एवढाच माझा त्याच्याशी संबंध होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका पहाटे मी मैदानाच्या सहा फेऱ्या न थांबता मारल्या आणि शेवटच्या वळणावर मला हसू फुटलं. का ते मला सांगता येईना. अण्णांनी हातातलं स्टॉपवॉच दाखवलं. ते माझंच होतं, चहात बिस्किटं बुडवायचं. ते म्हणाले, "बिस्किट सातच्या पुढं गेलं, अक्का."

त्यांनी मला संघात घेतलं. दर हिवाळ्यात आसपासच्या कारखान्यांची एक शर्यत असे. चार जणांनी हातातली काठी पुढच्याला देत पाळीपाळीनं पळायचं, त्यात दोन बायका हव्यात. आमच्या पॅकिंगमधली एक मुलगी होती आणि दुसरी मी. अण्णा आणि मेंटेनन्समधला एक फिटर बाकीचे दोघं.

त्याच सुमाराला माझी जीभ बदलायला लागली.

आधी चहा बिनसाखरेचा गोड लागू लागला. मग गाजर. मग दूध. एके दिवशी ज्वारीची भाकरी चावताना ती गोड लागली आणि मला आनंद झाला, कारण लहानपणी ती तशी लागायची. पण दहा वाजता कप्प्यात बसले, रोजचं बिस्किट तोंडात टाकलं आणि दचकले. नुसती साखर. मी सातचा आकडा लिहायला गेले आणि थांबले. त्या बिस्किटात काही बदल नव्हता. बदल माझ्यात होता. साखर सोडलेल्या माणसाला थोडीशी साखरही पुष्कळ लागते, हे मी स्वतःच नव्या मुलींना शिकवायची. माझ्यावर वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

शंका आली तर उपाय होता. मूळ नमुन्याचा एक डबा शीतकपाटात कुलपात असे. तो उघडायचा, त्याच्याशी ताडून बघायचं. पण डबा उघडला की वहीत नोंद करावी लागे. त्या महिन्यात मी तो नऊ वेळा उघडला. दहाव्या वेळी वहीतलं माझंच नाव एकाखाली एक दिसलं आणि भीती वाटली. कुणी विचारलं तर काय सांगणार? चव बघणारीची जीभ गेली हे कळलं, तर मला त्या खोलीतून उठावं लागेल, नाहीतर पुन्हा साखर खायला लागावं लागेल. मला दोन्ही नको होतं. मला ती खोलीही हवी होती आणि ते मैदानही.

म्हणून मी हिशोब बसवला. मला सात लागले की दोन वजा करायचे आणि पाच लिहायचे. जवळजवळ पाच महिने हे चाललं. कुणालाही कळलं नाही. आकडे इतके चोख येत होते की आमचे क्वालिटीचे प्रमुख राघवन सर यांनी एका बैठकीत माझी वही सगळ्यांना दाखवली. मी खाली बघत बसले.

शर्यतीला तीन आठवडे राहिले होते. त्या सकाळी अण्णांनी आमच्याकडून भरपूर मेहनत करून घेतली होती आणि मी जेमतेम केळं खाऊन बस पकडली होती. अकराच्या सुमाराला ओव्हनवरून अण्णांचा फोन आला. कामात ते फोन करत नसत. म्हणाले की पीठ गोड वाटतंय, रंग फार लवकर चढतोय, नीट चाखून बघा. पिठात साखर जास्त पडली की बिस्किट लवकर तांबूस होतं, हे त्यांना डोळ्यांनी कळायचं.

मी चाखलं. मला आठ लागले. दोन वजा केले तर सहा उरतात, म्हणजे मशीन थांबवायला हवं. पण मी असा विचार केला की आज सकाळी खूप पळाले आहे, पोट रिकामं आहे, अशा वेळी जीभ जास्तच तल्लख होते. म्हणून तीन वजा केले आणि पाच लिहिले. डबा उघडला नाही. अण्णांना फोन करून सांगितलं की गोडी बरोबर आहे. ते "सरी" म्हणाले.

माझ्या शब्दावर भरवसा ठेवून अण्णांनी मग काय केलं, तर रंग सांभाळायला आच कमी केली. बाहेरून बिस्किट देखणं निघालं, पण मधे ओल राहिली. चार दिवसांनी गोदामातून तक्रार आली की पुडे उघडले तर माल मऊ पडलाय आणि मधोमध चिरा गेल्यात. दीड पाळीचा माल परत आला. साखर सोडणाऱ्या यंत्राची झडप अडकली होती, हे कळायला बरेच दिवस लागले. तोवर कागदावर एवढंच दिसत होतं की गोडी पाच, पीठ ठीक आणि ओव्हनवाल्यानं लेखी कारणाशिवाय आच कमी केली.

माझ्या सहीचा कागद अण्णांच्या विरुद्ध उभा होता.

चौकशी बसली. अण्णांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. दोष सिद्ध झाला तर त्यांना ओव्हनवरून काढून पॅकिंगला बसवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तीस वर्षं ज्या माणसानं आगीवर हुकमत गाजवली, त्यानं शेवटी पुडे मोजायचे. चौकशीत त्यांना विचारलं, आच का कमी केली? ते म्हणाले, रंग चढत होता म्हणून. कुणाला विचारलं होतं का? यावर ते म्हणाले की नाही. मला फोन केल्याचं त्यांनी सांगितलंच नाही.

हे मला पॅकिंगच्या मुलीकडून कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मैदानावर गेले तेव्हा ते नेहमीसारखे आधीच आलेले होते आणि चुन्यानं रेघ आखत होते. ओव्हनवरून त्यांना तात्पुरतं बाजूला केलं होतं, तरी पहिल्या बसनं आले होते. बाकीचे दोघं यायचे होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. जीभ बदलली ते, वहीतल्या नऊ नोंदी, दोन वजा करायचे ते, त्या दिवशी तीन वजा केले ते. मी विचारलं की तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत.

ते रेघ पुरी करून उठले. हाताचा चुना झटकत म्हणाले, "तुमची जीभ बदललीय ते मला ठाऊक हाय, अक्का. भाकरी गोड लागती म्हणून तुम्हीच सांगिटलं की. तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही पळायचं सोडलं असतं."

मी रडत होते. त्यांना बायकांच्या रडण्याची सवय नसावी, कारण ते मैदानाकडे बघत राहिले. तसेच बघत म्हणाले, "माझी धाकटी बहीण साखरेनं गेली. चाळीस वर्षांची होती. तिला मी कधी पळवलं न्हाई." मग त्यांनी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि म्हणाले की आता दोन फेऱ्या मारा, रडताना दम चांगला तयार होतो.

मी दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत ठरवलं. खरं तर ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

घरी येऊन श्रीकांतना सांगितलं. ते नेहमीचा विनोद करतील असं वाटलं होतं. त्यांनी डबा भरता भरता एवढंच विचारलं की आज बसस्टॉपपर्यंत सोबत येऊ का. ते आले, आणि बस सुटेपर्यंत उभे होते.

राघवन सरांच्या टेबलावर मी पाच महिन्यांच्या वह्या ठेवल्या. सांगितलं की यातल्या गोडीच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवू नका. गोविंदअण्णांनी मला फोन केला होता, त्यांचं बरोबर होतं, आणि मी चुकीचं सांगितलं. सर तमिळ, अतिशय शांत माणूस. त्यांनी बराच वेळ वह्या चाळल्या. मग खणातून आमचंच एक बिस्किट काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले की तुमच्यासारखी जीभ मला मिळणार नाही. रोज थोडी साखर घ्या, दोन महिन्यांत जागेवर येईल, झालं गेलं आपण दोघं विसरून जाऊ. मात्र अण्णांची चौकशी मी थांबवतो, ते वेगळं.

त्यांनी हे चांगुलपणानंच सांगितलं होतं. मी त्या बिस्किटाकडे बघितलं. एकवीस वर्षांच्या नोकरीतली तोवरची सोळा वर्षं मी त्याच्यावर काढली होती. मला आईचे चाचपणारे हात आठवले आणि शेवटच्या वळणावर फुटलेलं हसू आठवलं. मी नको म्हणाले.

चवीच्या खोलीची किल्ली मी त्याच दिवशी दिली. मला लेखी समज मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती. पुढची पाच वर्षं मी गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं लिहिण्याच्या टेबलावर होते. काम वाईट नव्हतं. पण शुक्रवारी त्या खोलीवरून जाताना खुंट्यांवरचे गजरे दिसायचे आणि पाय रेंगाळायचे. आता पाचच असत, सहावी खुंटी रिकामी. बऱ्याच दिवसांनी नवी मुलगी आली आणि तीही भरली. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. एक रुखरुख आणखी आहे. जीभ जागी झाल्यावर कळलं की आम्ही ज्याला पाच म्हणत होतो, तेच मुळात किती गोड होतं. ती बिस्किटं सोळा वर्षं पोरांच्या हातात माझ्या सहीनं गेली.

अण्णा त्याच आठवड्यात ओव्हनवर परत आले. शर्यतही झाली. सहा संघांत आम्ही चौथे आलो. मी अण्णांच्या हातात काठी दिली तेव्हा माझ्या मागे दोनच जणी होत्या, पण दोघी माझ्याहून वीस वर्षांनी लहान होत्या, हे श्रीकांत अजून पाहुण्यांना सांगतात.

चौदा महिन्यांनी अण्णांचा शेवटचा दिवस आला. हार झाले, भाषणं झाली, शाल झाली. कार्यक्रम आटोपल्यावर ते मला म्हणाले की स्वल्प ओव्हनकडे चला. शाल खांद्यावर तशीच होती. पट्टा चालू होता. त्यांनी वाकून रंग बघितला, थोडा वेळ थांबले आणि मग त्यांना हवं होतं ते एक बिस्किट उचललं. या हातावरून त्या हातावर करत निववलं आणि माझ्यापुढे धरलं. त्या ओव्हनचं बिस्किट मी अण्णांच्या हातून कधीच घेतलं नव्हतं. माझ्याकडे यायचं ते खिडकीतून, बशीत, आकडा लावून.

"आकडा न्हाई, वही न्हाई," ते म्हणाले. "नुसतं सांगा."

मी ते तोंडात टाकलं. सावकाश चावलं. थुंकायचा पेला तिथे नव्हता आणि असता तरी मला नको होता. आईनं शिकवलं होतं तसं सगळं खाल्लं, बोटाला लागलेला चुरासुद्धा. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते, जसे तीस वर्षं पट्ट्याकडे बघत आले होते तसे.

"गोड आहे, अण्णा," मी म्हटलं. "फार गोड आहे."

"किती वजा केलं?"

"काही नाही. आज काही वजा केलं नाही."

"सरी," ते म्हणाले, आणि त्यांनी पट्ट्यावरून दुसरं बिस्किट उचललं. तीस वर्षांत पहिल्यांदा ते त्यांनी स्वतः खाल्लं.